विषय: डिसेंबरची सहल – गुवाहाटीला एकच रात्र?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

यंदा बहुतेकांनी आसामला कौल दिला आहे. इथे मेलबर्नला शाळा सुटल्या की सगळे आधी आपापल्या घरी जाणार, मग २७ डिसेंबरला मुंबईत जमून तिथून गुवाहाटीचं विमान. एजंटने पाठवलेला कच्चा आराखडा असा: पहिल्या दिवशी दुपारी उतरून कामाख्या दर्शन, गुवाहाटीत एक मुक्काम, पहाटे काझीरंगाला निघून तिथे दोन मुक्काम, नंतर शिलाँग-चेरापुंजी तीन मुक्काम. आतापर्यंत २२ नावं आली आहेत. सात जण साठीच्या पुढचे, सहा मुलं. तवांगबद्दल दोघांनी विचारलं होतं, पण अरुणाचलला वेगळा परवाना लागतो. आसामला लागत नाही. म्हणून यंदा ते नको.

काही सुचवायचं असेल तर रविवारपर्यंत कळवा. सोमवारी ॲडव्हान्स भरायचा आहे.

– सहल समिती

---

प्रेषक: दादरचे काका

ताई, नमस्कार.

गुवाहाटीला एकच रात्र ठेवू नका, अशी कळकळीची विनंती आहे. २०१८ ला मी आईला घेऊन अगदी याच आराखड्याने गेलो होतो. विमानतळावरून शहरात येताना वाटेतच कामाख्या लागते, म्हणून एजंट लोक तिला पहिल्याच दुपारी बसवतात. आम्ही साडेतीनला उतरलो, सामान यायला वेळ लागला, आणि नीलाचल टेकडीवर पोचलो तर अंधार पडलेला. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ मुंबईचंच, पण सूर्य पूर्वेचा. गाभारा बंद झाला होता. आई त्या दारासमोर हात जोडून उभी राहिली, काही बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशीची काझीरंगाची गाडी रद्द केली.

पहाटे पाचला पुन्हा रांगेत लागलो. आत मूर्ती नाही, हे आईला मी आधीच सांगितलं होतं, तरी ती अंधारात डोळ्यांनी मूर्तीच शोधत होती. पायऱ्या उतरून खाली जायचं, फक्त दिव्यांचा उजेड, पायाखाली ओलं. खाली वाकून हात पुढे केला की बोटांना गार पाणी लागतं. खडकातली भेग आणि तिच्यातला झरा, हीच देवी. आईला गुडघ्यांमुळे वाकता येईना. तिथल्या पुजाऱ्याने तिचं मनगट धरून बोटं पाण्यापर्यंत नेली. वर येईपर्यंत तिने ती पदराला पुसली नाहीत.

आणखी एक. आपण नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान करून पायाने कारीट फोडतो, गोव्यात नरकासुर जाळतात, आणि मुलांना गोष्ट सांगतो. त्या नरकासुराचं प्राग्ज्योतिषपूर म्हणजेच ही गुवाहाटी. तिकडची गोष्ट आपल्याला माहीत नसते. त्याला कामाख्येशी लग्न करायचं होतं. देवी म्हणाली, एका रात्रीत, कोंबडा आरवायच्या आत, टेकडीवर दगडी जिना बांध. जिना पुरा होत आला तसा देवीने कोंबडा अवेळी आरवायला लावला. तो जिना म्हणून दाखवतात ती दगडी वाट आजही पायथ्यापासून वर जाते. मुलांना तिथे उभं करून ही गोष्ट सांगायची संधी सोडू नका.

इतिहासाची आवड असलेल्यांसाठी: आग्र्याला महाराजांसाठी जामीन राहिलेला रामसिंह आठवतो ना, मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा? १६६६ ला महाराज निसटले आणि बादशहाची मर्जी त्याच्यावरून उतरली. पुढे आसामच्या मोहिमेवर त्यालाच धाडलं. १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटला आसामच्या अहोम राज्याचा सेनापती लाचित बोरफुकन आजारी असताना नावेत चढला आणि मोगलांचं आरमार त्याने मोडलं. ब्रह्मपुत्र तिथे अरुंद होतो, म्हणून ती जागा. (आसामी लोक त्याला नदी नाही, नद म्हणतात. पुत्र आहे तो.) १९६२ चा सराईघाट पूल तिथेच आहे. त्यावरून जाताना गाडीत झोपू नका.

निदान तीन मुक्काम द्या.

– दादरचे काका

---

प्रेषक: वहिनी, पहिल्यांदाच येणाऱ्या

काका, तुमची मेल घरात मोठ्याने वाचली. सासूबाईंनी लगेच नाव द्यायला सांगितलं.

दोन शंका. कामाख्येला बळी देतात असं ऐकलंय, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. आणि सासूबाईंना फार चढउतार जमत नाही, त्यांचं काय? मुलगा पक्ष्यांच्या मागे असतो, त्याला काझीरंगापेक्षा हरगिला बघायचाय.

---

प्रेषक: दादरचे काका

वहिनी,

बळी देतात, हे खरं. लपवून उपयोग नाही, मुलीला आदल्या दिवशी नीट सांगा. नको वाटलं तर तिला घेऊन वर भुवनेश्वरीला जा. त्याच टेकडीच्या माथ्यावर आहे, गर्दी कमी, आणि खाली सगळा ब्रह्मपुत्र दिसतो. मला विचाराल तर कामाख्येइतकंच ते देऊळ मनात राहिलं.

सासूबाईंसाठी वसिष्ठ आश्रम. संध्या, ललिता, कांता असे तीन झरे दगडांतून येऊन मिळतात. आई तिथे पाण्यात पाय सोडून तास-दीड तास बसली होती. उमानंदला मात्र पायऱ्या आहेत. नदीच्या मधोमध छोटं बेट, १६९४ चं शिवमंदिर, होडीने जायचं. ज्यांना चढवत नाही त्यांनी होडीतून बेटाला नमस्कार करावा. २०२० ला सुरू झालेला रोपवेही नदीवरून पलीकडे नेतो, चालू आहे की नाही ते त्या दिवशी विचारा.

मुलाला गुवाहाटीजवळच्या दीपोर बील तलावावर न्या, पहाटे. हरगिला म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढा करकोचा. पूर्वी लोक त्याला अपशकुनी समजून घरट्यांची झाडं तोडायचे. पूर्णिमा देवी बर्मन या वन्यजीव अभ्यासक बाईंनी गावातल्या बायकांना हाताशी धरलं. त्या आता घरट्यांची राखण करतात आणि मेखेला-चादरीवर, म्हणजे आसामी बायकांच्या दोन तुकड्यांच्या पोशाखावर, हरगिला विणतात. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा गौरव केला. सुआलकुची या विणकरांच्या गावी मूगा, म्हणजे आसामचं सोनेरी रेशीम, घ्यायला जाणाऱ्यांनी या बायकांचं कापडही मागून घ्यावं.

गेंड्यांसाठी पोबितोरा. गुवाहाटीपासून ५० किलोमीटरच्या आसपास, जेमतेम ३९ चौरस किलोमीटर, आणि शंभरावर गेंडे. ज्यांना काझीरंगाचा चार-पाच तासांचा रस्ता झेपणार नाही त्यांची हौस इथे पुरी होते. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) सगळ्यांनी जवळ ठेवा, अभयारण्यात प्रवेशाला आपल्याला भारतीयांचाच दर लागतो.

शाकाहारी मंडळींनी मुळीच घाबरू नये. सकाळी दोई-चिरा मागा: दही, पोहे, गूळ. आपले दहीपोहेच.

---

प्रेषक: सहल समिती

मंडळी, ठरलं. गुवाहाटी तीन मुक्काम, काझीरंगा दोन, चेरापुंजी गाळून शिलाँग फक्त एक. कामाख्या दुसऱ्या दिवशी पहाटे. पोबितोरा की काझीरंगा, हे प्रत्येक कुटुंबाने नावापुढे लिहावं. ज्यांना रांगेत उभं राहणं जमणार नाही त्यांनीही कळवावं, त्यांची वेगळी व्यवस्था विचारून ठेवते. काका, तुमच्या आई येणार का?

---

प्रेषक: दादरचे काका

आई ८४ ची झाली, आता प्रवास नाही. पण काल फोनवर सहलीचं सांगितलं तर म्हणाली, ओटी माझ्याकडून न्या. हिरवा इरकली खण तिने कपाटातून काढून ठेवलाय, नारळ तिथे घ्या म्हणाली. २७ ला विमानतळावर तो घेऊनच येतो. आपल्यातल्या एखाद्या बाईने आईच्या नावाने ओटी भरावी, एवढीच विनंती.