पहिली उतारी कुठून? दोन डाव देतोय, मतं हवीत

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

मंडळी, आमच्या टेबलांवर बहुतेक जण मेंढीकोट आणि जजमेंट खेळून ब्रिजकडे आलेले आहेत. बोली आता बरी जमते, डमी (डाव खेळणाऱ्याच्या भिडूची उघडी पानं) पसरल्यावरचा बचावही ठीक होतो. घोडं अडतं ते पहिल्या पानाला. खालचे दोन डाव बघा. दोन्हींत उतारी पश्चिमेची आहे आणि पूर्व-पश्चिम बोलीत गप्प आहेत.

डाव १: दक्षिण १ नोट्रंप (म्हणजे हुकूम नाही; १५ ते १७ गुण, एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे), उत्तर ३ नोट्रंप, पुढे सगळे पास.
पश्चिमेची पानं: इस्पिक १०-९-३, बदाम ७-५, चौकट राजा-८-६-२, किलवर राणी-९-६-४.

डाव २: दक्षिण १ इस्पिक, उत्तर २ इस्पिक, दक्षिण ४ इस्पिक.
पश्चिमेची पानं: इस्पिक ८-६-२, बदाम राजा-गुलाम-७-४, चौकट एक्का-९-५, किलवर १०-९-३.

पहिल्या डावात जवळजवळ सगळ्यांनी चौकटची दुर्री टाकली. दुसऱ्यात निम्म्यांनी चौकटचा एक्का वाजवला, निम्म्यांनी बदामची चव्वी. दोन्ही गेम झाले, म्हणजे बोलीइतके हात त्यांना मिळाले. काय खेळायला हवं होतं आणि का, हे कुणी नीट सांगाल का?

देवबाग (मालवण)

आधी दुसरा डाव घेतो, कारण त्यात उत्तर स्पष्ट आहे: किलवरची दश्शी.

तुम्ही बाकीची पानं दिलेली नाहीत, म्हणून या बोलीला शोभेल अशी मांडणी करून दाखवतो.

दक्षिण: इस्पिक एक्का-राजा-९-५-४, बदाम एक्का-राणी-६, चौकट राजा-८, किलवर राजा-८-५.
उत्तर: इस्पिक राणी-१०-७, बदाम ८-५-२, चौकट राणी-६-४-३, किलवर एक्का-६-२.
पूर्व: इस्पिक गुलाम-३, बदाम १०-९-३, चौकट गुलाम-१०-७-२, किलवर राणी-गुलाम-७-४.

डिक्लेअररचे (डाव खेळणाऱ्याचे, इथे दक्षिणेचे) हात मोजा, ४ इस्पिकला दहा लागतात. हुकमाचे पाच, बदामचा एक, चौकटचा एक, किलवरचे दोन. नऊ झाले. दहावा त्याला स्वतःहून मिळत नाही, तो आपणच द्यावा लागतो.

बदामची चव्वी टाकली की भिडूची दश्शी पडते आणि राणी फुकटात हात करते. झाले दहा. चौकटचा एक्का वाजवला की त्याखाली दक्षिणेची अठ्ठी जाते, मग राजा आणि राणी दोन्ही उभे राहतात आणि राणीवर बदामची छक्की फेकली जाते. पुन्हा दहा. एक्का असतो तो समोरच्याचा राजा किंवा राणी मारायला. तो आधीच वाजवला तर त्याच्याखाली दुर्र्या-तिर्र्या येतात. मेंढीकोटात एक्क्यावर भिडू दश्शी देतो म्हणून तिथे तो आधी वाजवणं बरोबर आहे, इथे तसं काही मिळत नाही.

किलवरच्या दश्शीने आपलं काहीच जात नाही. पण पुढे जागं राहावं लागतं. डिक्लेअररने हातातून चौकटची अठ्ठी काढली तर एक्का धरून ठेवायचा, राजा काढला तर लगेच घ्यायचा. अठ्ठीवर एक्का घातलात तर राजा-राणी दोन्ही होतात. राजा सोडून दिलात तर पुढच्या चौकटला एक्का पडतो, राणी मोकळी होते आणि तिच्यावर बदाम जातं. उतारी बरोबर करून इथे डाव सोडणारेही खूप दिसतात.

हुकूम टाकला असता तर? या मांडणीत चालतं, कारण पूर्वेचा गुलाम तसाही पडणारच होता. पण हिशेब करून ठेवा: दक्षिणेचे पाच, उत्तरेचे तीन, तुमचे तीन, म्हणजे भिडूकडे दोनच हुकूम. त्यात राणी-तिर्री असली तर डिक्लेअररला जो अंदाज बांधावा लागला असता तो तुम्ही त्याच्यासाठी सोडवून देता. म्हणून किलवर पहिली, हुकूम दुसरा, बाकी दोन रंगांना हातच लावायचा नाही.

चिपळूण_दक्षिण

देवबाग यांच्याशी पूर्ण सहमत. पहिल्या डावाबद्दल लिहितो.

उत्तरेकडे चार पानी बदाम किंवा इस्पिक असते तर तिने आधी २ किलवर म्हणून दक्षिणेला तसा रंग आहे का हे विचारलं असतं. विचारलं नाही, म्हणजे तिच्याकडे दोन्ही मोठ्या रंगांत जास्तीत जास्त तीन-तीन पानं. याचा अर्थ डमीत चौकट-किलवर मिळून किमान सात. तुम्ही चौकट टाकता तेव्हा त्याच सात पानांच्या तोंडी देता.

आता मोठे रंग. इस्पिक-बदाम मिळून २६ पानं. तुमची पाच, डमीची फार तर सहा. उरली किमान १५. दक्षिणेने १ नोट्रंप म्हटलंय, तिच्याकडे दोन्ही मिळून सहसा आठच्या वर नाहीत. म्हणजे भिडूकडे किमान सात! गुणही बघा: तुमचे ५, त्यांचे साधारण २५ ते २७, भिडूकडे ८ ते १०. लांब रंग त्याचा आणि आत यायला पानंही त्याच्याकडेच. मग आपला अर्धवट चार पानी रंग का उघडायचा? भिडूचा रंग शोधायचा.

माझी उतारी इस्पिकची दश्शी. भिडूकडे राजा-गुलाम-८-५ किंवा एक्का-राणी-८-६ असं काही असेल तर तुमच्या दश्शी-नव्वीने तो रंग भरतो. भिडूकडे फारसं नसलं तरी काही गमावलं जात नाही, वेळ मिळतो.

बोली १ नोट्रंप – २ किलवर – २ बदाम – ३ नोट्रंप अशी असती तर हा हिशेब मोडतो. तिथे उत्तरेकडे चार इस्पिक असायची शक्यता मोठी, मग लहान रंगच बरे. आणि उत्तर ४-३-३-३ असेल तर काही जोड्या न विचारताही ३ नोट्रंप म्हणतात. समोरच्यांची सवय विचारून घ्या, विचारायचा हक्क आहे.

अलिबाग_चौल

हिशेब तुमचाच घेते, पण तो शेवटपर्यंत नेला तर उतारी बदामची सत्ती येते.

बदामची तुमच्याकडे दोन, डमीकडे फार तर तीन, दक्षिणेकडे फार तर चार धरा. भिडूकडे किमान चार. इस्पिकात हाच हिशेब किमान तीन देतो. म्हणजे पाच पानी रंग असण्याची शक्यता बदामात जास्त. आणि पूर्वेच्या गप्प बसण्यातून काही काढू नका. तिची पाळी आली तेव्हा बोली ३ नोट्रंपवर पोचली होती, साधं बोलायला जागाच नव्हती. घरचा भक्कम पाच-सहा पानी रंग असता तर डबल (बोलीची किंमत दुप्पट करणारी घोषणा) मारला असता, एवढंच कळतं.

सत्तीनंतर चौकटचा राजा किंवा किलवरची राणी घेऊन आत आलात की बदामची पंजी घालायची. तोवर रंग उभा राहू शकतो.

चिपळूण_दक्षिण

मोजणी मान्य. दोन पानांवरून उतारी केली की भिडूची राणी-८-६-३ सारखी पानं उघडी पडतात, आणि आपल्याकडे तिसरं पान नसल्याने रंग चालवायची दोरी लवकर तुटते. दश्शी-नव्वीमुळे मी इस्पिककडे झुकतो. माझ्याकडे इस्पिक ८-४-२ असती तर मीही बदामच टाकली असती. चौकटची दुर्री मात्र दोघांच्याही यादीत तिसरी.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

भिडूकडे सात मोठी पानं, हे आम्ही कुणीच मोजलं नव्हतं. आभार! दोन प्रश्न राहतात. भिडूला आपलं पान कळायचं कसं? आणि एकटं पान असलं की ते टाकायचंच का? आमच्याकडे एकटं पान दिसलं की डोळे मिटून पडतं.

देवबाग (मालवण)

एकट्या पानाचं असं. ते टाकायचं हुकूम मारण्यासाठी, म्हणजे तुमच्याकडे मारायला फालतू हुकूम हवेत आणि भिडूला आत येऊन तो रंग परत द्यायला पान हवं. हुकूम ८-६-२ किंवा एक्का-६-२ असतील तर उत्तम. एक्का असेल तर डिक्लेअररने पहिल्यांदा हुकूम काढताच तो घेऊन भिडूला आत आणायचा प्रयत्न करता येतो. हुकूम राणी-गुलाम-९ असे असतील तर मारण्यात काही मिळत नाही, त्यातला हात तसाही होणार होता. गुणही मोजा: समोरचे गेममध्ये, साधारण २५ धरा, तुमच्याकडे १३, तर भिडूकडे उरले दोन. तो आत येणार कुठून? अशा वेळी एकटं पान म्हणजे डिक्लेअररला त्या रंगाची मांडणी आयती सांगणं. हुकूम चार असतील तर त्याहून चांगलं म्हणजे आपला लांब रंग चालवून डिक्लेअररलाच मारायला लावणं, त्याचे हुकूम आपल्यापेक्षा कमी होईपर्यंत.

चिपळूण_दक्षिण

पान कळण्याबद्दल. नोट्रंपविरुद्ध राजा-राणी-गुलाम किंवा राजा-राणी-१० असेल तर राजा. राणी-गुलाम-१० किंवा राणी-गुलाम-९ असेल तर राणी. हुकमी डावात राजा-राणी दोनच सलग असली तरी राजा चालतो, कारण तिथे रंग लांबवण्यापेक्षा हात पटकन करणं महत्त्वाचं. सलग पानं नसतील आणि वर चित्र असेल तर वरून चौथं पान. ८-७-५-३ सारख्या कोरड्या रंगातून दुसरं, म्हणजे सत्ती. नाहीतर भिडू तिर्री बघून वर चित्र आहे असं समजतो आणि तोच रंग परत आणून हात देतो.

चौथ्या पानाचा फायदा अकराच्या नियमात. भिडूने इस्पिकची छक्की टाकली. ११ वजा ६, पाच. छक्कीहून मोठी पाच पानं उरलेल्या तीन जागांत आहेत. डमीत राणी-९-३, तुमच्याकडे एक्का-गुलाम-८. डमीत दोन, तुमच्याकडे तीन, झाली पाच. डिक्लेअररकडे छक्कीच्या वरचं एकही पान नाही! डमीतून तिर्री आली तर अठ्ठी घाला, ती हात करते, आणि एक्का-गुलाम डमीच्या राणीवर टपून राहतात. घाईत एक्का घालणारा इथे राणीला जीवदान देतो.

भिडूने रंग सांगितला असेल तर तोच टाका. दोन पानं असतील तर मोठं, चित्रासह तीन असतील तर लहान. मात्र हुकमी डावात एक्का-८-३ असेल तर एक्काच, त्याच्याखालून कधीच नाही, समोरचा एकटा राजा हात करून जातो.

अलिबाग_चौल

हुकूम कधी टाकावा हे राहिलं. बोली अशी: दक्षिण १ इस्पिक, उत्तर १ नोट्रंप, दक्षिण २ बदाम, पास. तुमच्याकडे इस्पिक एक्का-राणी-१०-८ आणि बदामची दोन लहान पानं. उत्तरेला इस्पिक नको होते, म्हणजे डमीत इस्पिक एक-दोनच, आणि डिक्लेअररचा बेत डमीच्या बदामने आपले इस्पिक मारायचा. बदाम टाका, आत आलात की पुन्हा बदाम. प्रत्येक बदाम काढला की त्याचा एक मारायचा हात जातो.

स्लॅमविरुद्ध (१२-१३ हातांच्या बोलीविरुद्ध) ६ नोट्रंप असेल तर सुरक्षित पान, चित्राखालून काही नको. हुकमी ६ असेल तर उलट: राजा किंवा राणी असलेल्या रंगातून धाडस करावं, कारण डिक्लेअरर लांब रंगावर फेकाफेक करण्याआधी आपला एक हात उभा व्हायला हवा. आणि गप्प बसलेल्या भिडूने स्लॅमला डबल मारला तर तो नेहमीची उतारी नको म्हणतोय. सहसा डमीने हुकमाशिवाय पहिला बोललेला रंग, तिथे भिडूकडे बऱ्याचदा एकही पान नसतं.

टेबलावरची एक गोष्ट. उतारीचं पान पालथं ठेवा, भिडूला बोलीबद्दल विचारायचं असेल ते विचारून घेऊ द्या, मग उलटा. उतारी आपली नसताना पान ठेवलं गेलं तरी पालथं असेपर्यंत ते डायरेक्टरच्या (स्पर्धेच्या पंचाच्या) सांगण्यावरून परत घेता येतं. उघडं पडलं की निवड डिक्लेअररकडे जाते, आणि त्याने ते नाकारलं तर ते पान टेबलावर उघडं राहून पुढचे हात घालवू शकतं.