‘पुढची वीस वर्षं आपलीच’ म्हणणाऱ्यांनो, गोवा विसरलात का?

आडवा_उंट:
परवा कुणीतरी छाती फुगवून लिहिलं, ‘गुकेश, प्रज्ञानंद, अर्जुन, दिव्या. पुढची वीस वर्षं बुद्धिबळ आपलंच, लिहून घ्या.’ घेतलं लिहून. आता गोव्याचं ऐका. 2025 चा विश्वचषक आपल्या अंगणात, करंडकाला नाव आनंदचं, आणि जगज्जेता गुकेश तिसऱ्या फेरीत जर्मनीच्या स्वानेकडून हरून घरी. अर्जुनला उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या वेई यीनं काढलं. चषक नेला सिंदारोवनं. उझबेकिस्तान, वय 19. 2022 ला चेन्नईत ऑलिंपियाडचं सुवर्णही याच पोरांनी नेलं होतं. त्यांचा अब्दुसत्तोरोव तर 17 व्या वर्षी रॅपिडचा, म्हणजे जलद बुद्धिबळाचा, जगज्जेता झालाय. तिकडे अर्जेंटिनाचा ओरो दहाव्या वर्षी आयएम, म्हणजे इंटरनॅशनल मास्टर. हे सगळे वीस वर्षं काय आपल्यासाठी घड्याळ लावून देणार आहेत?

संत्रानगरी:
काहून नजर लावता बाप्पा? एक चषक गेला की लगेच सुतक? 2024 ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला गटाची दोन्ही सुवर्णं कोणाची होती? आमची नागपूरची दिव्या महिला विश्वचषकाला जॉर्जियातल्या बातुमीला गेली तेव्हा तिच्याकडे जीएमचा, म्हणजे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा, एक नॉर्म नव्हता. फायनलला कोनेरू हंपीला हरवून थेट ग्रँडमास्टर होऊन आली.

आडवा_उंट:
दिव्याबद्दल बोललोच नाही मी. गुकेशचं म्हणाल तर सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत चौदाव्या डावात डिंगनं बरोबरीच्या स्थितीत हत्ती एफ2 घरावर नेऊन ठेवला नसता तर...

संत्रानगरी:
समोरच्यानं चूक केल्याशिवाय कोण जिंकलंय आजवर? आत्याबाईला मिशा असत्या तर. मुद्दा हा की गुकेशनं चौथीनंतर नेहमीची शाळा सोडली. आपल्याकडे शाळेच्या दप्तरातून पोरांना मोकळं करा, दहा गुकेश काढून दाखवतो.

सांगलीची_वजीर:
हे वाक्य! हेच वाक्य प्रत्येक स्पर्धेच्या हॉलबाहेर कानावर पडतं. गुकेशचे वडील ईएनटी सर्जन. त्यांनी प्रॅक्टिस बाजूला ठेवली. माझ्या बाबांचं किराणा दुकान. नववीत शाळा सुटली माझी, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं ‘मुलीत दम आहे’. रेटिंग 1900 च्या आसपास जे अडकलं ते अडकलंच. विसाव्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, ‘ताई, तुम्ही सुपरवायझर का?’

बाप_कोच_ड्रायव्हर:
ताई, तुमचं वाईट वाटलं, पण सगळ्या बापांना एका दोरीत ओवू नका. माझा मुलगा नऊ वर्षांचा. एंट्री फी, लॉज, प्रवास, कोचचे तासाचे पैसे, हे मीच भरतो ना? वर टोमणेही आम्हीच खायचे?

सांगलीची_वजीर:
टोमणा नाही. प्रश्न विचारते. डाव हरल्यावर पोरगं बाहेर येतं, तेव्हा तुम्ही आधी काय विचारता? ‘पाणी पिणार का’ की ‘घोडा का दिलास’?

बाप_कोच_ड्रायव्हर:
तुम्हाला माझ्या घरातलं काही माहीत नाही. वैयक्तिक येऊ नका.

निवृत्त_प्यादं:
मुलांचं कौतुक चाललंय, आमच्याकडे कोण बघणार? एका डावानं रेटिंग किती हलणार ते ठरवणारा के आकडा अठराच्या आतल्या पोरांना 40, मला 20. मार्च 2024 ला फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, खालची रेटिंग वर उचलली, म्हटलं आता तरी बरं. कसलं काय. गेल्या महिन्यात समोर एक चिमुरडी, खुर्चीवर दोन उशा घेऊन बसलेली. सिसिलियन ओपनिंगमध्ये बावीस चालींत माझा वजीर अडकवला. सही करताना जीभ बाहेर, कारण नाव जोडाक्षराचं. वर विचारते, ‘काका, ॲनालिसिस करूया?’

संत्रानगरी:
बघा! हीच ती पुढची वीस वर्षं.

निवृत्त_प्यादं:
माझे पॉइंट गेले, तुम्हाला देशाचं भविष्य दिसतंय. छान.

आडवा_उंट:
माझा प्रश्न उझबेकिस्तानचा होता, कुणाच्या लक्षात आहे का?

संत्रानगरी:
आहे. बरं, ‘आपलंच’ नको, ‘आपलंही’ म्हणा. एक अक्षर बदललं, आता झोपा.

आडवा_उंट:
एवढं पुरे आहे मला. दिव्यासाठी मीही स्क्रीनला चिकटून बसलो होतो, हे नागपुरात सांगू नका.

बाप_कोच_ड्रायव्हर:
@सांगलीची_वजीर, रात्रभर झोप नाही लागली. ‘घोडा का दिलास’ हेच विचारतो मी. गेल्या रविवारी तर पार्किंगमध्येच मोबाइलवर इंजिन, म्हणजे चुका दाखवणारं बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर, लावून दाखवलं त्याला. शाळा सोडवणार नाही, एवढं लिहून देतो. पण परवा ठाण्याला स्पर्धा आहे आणि तो खेळणार.

सांगलीची_वजीर:
खेळू दे की. सोमवारी शाळेत काही आहे का?

बाप_कोच_ड्रायव्हर:
गणिताची चाचणी.

सांगलीची_वजीर:
मग शेवटची फेरी झाली की बक्षीस समारंभाला थांबू नका. आणि इंजिन घरी ठेवून या.