नोटीस आली की अख्ख्या साइटला टाळं?

जुनीवही: कालच्या धाग्यात कोथरूडकरांनी लिहिलं, ‘कॉपीराइटची तक्रार आली की होस्टने, म्हणजे साइट ज्यांच्या सर्व्हरवर असते त्या कंपनीने, साइट बंद करावीच, चोर नसाल तर भीती कसली?’ वाचून डोकं फिरलं. माझ्या साइटवर आजोबांनी काढलेला एसटी स्टँडचा फोटो होता. निगेटिव्ह माझ्या कपाटात आहे, पाकिटावर त्यांच्याच हातची तारीख. कुणीतरी ‘आमचा फोटो’ म्हणून तक्रार ठोकली. होस्टने 24 तास दिले, मी लग्नाला गावी. परतले तर चारशे पानं गायब! ईमेलही त्याच खात्यावर, म्हणजे दाद मागणंसुद्धा अवघड. एका भाडेकरूशी भांडण म्हणून अख्ख्या वाड्याचं पाणी तोडायचं?

कोथरूडकर: महिन्याला दीडशे रुपये भरता आणि होस्टने तुमच्यासाठी न्यायाधीश व्हायचं? अमेरिकेचा 1998चा डीएमसीए हा कॉपीराइट कायदा साधा आहे. तक्रार आल्यावर मजकूर उतरवला की कंपनी सुटली. तुम्ही उलट नोटीस द्यायची, तक्रारदार कोर्टात गेला नाही तर 10 ते 14 कामाच्या दिवसांत मजकूर परत. दिली होती का?

जुनीवही: दिली की! त्यात आपलं नाव, घरचा पत्ता, फोन द्यायचा, वर तिकडच्या कोर्टाचा अधिकार मान्य करायचा. आणि त्याची प्रत त्या तक्रारदारालाच जाते. बाईमाणसाने द्यावा का पत्ता असा? आपले भारतातले 2013चे कॉपीराइट नियम त्या मानाने बरे. 36 तासांत मजकूर अडवायचा, पण तक्रारदाराने 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा खुला करता येतो. फक्त ऐकतंय कोण.

रद्दीवाला: तुमचे फोटो राहू द्या. मी छोटा प्रकाशक. पाचशेची आवृत्ती काढली, प्रकाशनानंतर चौथ्या दिवशी पीडीएफ टेलिग्रामवर! स्कॅनमध्ये कुणाचातरी अंगठा दिसतोय. तीनशे प्रती पलंगाखाली पडल्यात. मला तर 36 तासही जास्त वाटतात.

मधलीसुट्टी: तालुक्याच्या गावी पुस्तकाचं दुकान दाखवा, मग अंगठे मोजा.

रद्दीवाला: पोस्टाने पाठवतो, पन्नास रुपयांत. पण फुकटची सवय!

मधलीसुट्टी: मी मागवलेलं पुस्तक दीड महिन्याने आलं, तेही दुसरंच. आणि जी आवृत्ती वीस वर्षं बाजारातच नाही, तिचं काय?

रद्दीवाला: लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं थांबा. साने गुरुजी 1950 साली गेले, 2011 पासून त्यांचं लेखन मोकळं. फिरवा हवं तेवढं. जिवंत लेखकांना जगू द्या.

कोथरूडकर: विषय होस्टिंगचा होता हो.

जुनीवही: आणि रजिस्ट्रारचाही, म्हणजे साइटचं नाव नोंदवून देणाऱ्याचा. त्याच्याकडे फक्त नाव असतं, फाइल नसते. त्याला एक फोटो उतरवताच येत नाही, तो नावच गोठवतो. म्हणून त्याच्याकडे तक्रार करणं हीच गफलत.

रद्दीवाला: मग करू कुणाकडे? एका साइटच्या मागे लागलो होतो. नाव एकाकडे, सर्व्हर दुसऱ्याकडे, मध्ये सीडीएनवाला, म्हणजे साइटच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पोचवणारा. तिघंही म्हणतात, पलीकडे विचारा. बरं, एका फोटोपायी चारशे पानं हे जास्तच झालं, एवढं मानतो. कोथरूडकर मानणार नाहीत.

कोथरूडकर: कोथरूडकरही मानतात. आता मेडल द्या.

जुनीवही: रद्दीवाले, त्या साइटचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, सर्व्हर कुणाचा ते शोधून देते.

मधलीसुट्टी: मलाही व्यनि करा.

रद्दीवाला: तुम्ही गप्प बसा!