बागेतल्या झाडांना डिसेंबरात दिवे कशाला गुंडाळायचे?

तापीकाठचा:
काल इथं एकांनी लंडनच्या क्यू गार्डनचे ख्रिसमसचे फोटो टाकले, झाडाझाडाला दिवे, आणि खाली लिहिलं की जळगाव-धुळ्याच्या बागा डिसेंबरात अशा सजवा, लोक तिकीट काढून येतील, एरवी आपल्या लोकांना झाडांची आवडच नाही. हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. क्यूची बाग 1759 ची आणि ही रोषणाई सुरू झाली 2013 मध्ये, म्हणजे अडीचशे वर्षं ती बाग झाडांच्या जीवावरच चालली ना? तिथं डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, बरीचशी झाडं बोडकी, थंडीत कोण फिरकणार, म्हणून त्यांनी दिवे लावले, त्यांचं बरोबर आहे. आपलं उलटंय. आपल्याकडे मे महिन्यात बागेत पाय ठेववत नाही आणि डिसेंबर हाच खरा फिरायचा महिना, वड-पिंपळ पानांनी भरलेले, फांद्यांवर पक्षी झोपायला आलेले. त्यांच्या डोळ्यांवर रात्री अकरापर्यंत उजेड मारायचा? बंगळूरच्या लालबागेत, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, लोक दिवसा फुलं बघायला गर्दी करतात. ते मागा की.

धुळ्याची बाई:
फोटो माझेच होते. दिवसा कोण जाणार हो? दुकानातला, कारखान्यातला माणूस सहानंतर मोकळा होतो. आमच्या जवळच्या बागेत सातनंतर बाईमाणूस पाय ठेवत नाही, निम्मे दिवे बंद, कोपऱ्यात टोळकी बसलेली. लेकीकडे गेले तेव्हा नात क्यूमध्ये दिवे बघायलाच आली होती हे खरं, पण दुसऱ्या दिवशी तीच पोरगी रस्त्यातल्या झाडांची नावं विचारत होती. तुम्ही पक्ष्यांची काळजी करता, माणसांचीही करा थोडी.

रोपवाटिका चोपडा:
ताई, झाडालाही रात्र लागते. शेवंतीचं बघा, रात्री मधेच उजेड पडला की कळी धरत नाही, फुलशेतीवाले बहर लांबवायला मुद्दाम बल्ब लावतात. आणि ख्रिसमसचं म्हणून जे लाल पानांचं झाड विकतात ना, पॉइन्सेटिया, त्याची पानं लाल व्हायला कित्येक आठवडे रोज साधारण 14 तास सलग अंधार लागतो. आमच्याकडे एका वर्षी शेजारच्या मंगल कार्यालयाचा फोकस रात्रभर आमच्या शेडवर होता, त्या बाजूच्या कुंड्या हिरव्याच राहिल्या, गिऱ्हाइकांना काय सांगणार?

पुण्यातला खान्देशी:
आता एलईडी आहेत, गरम होत नाहीत, वीज किती कमी खातात. दोन आठवड्यांच्या रोषणाईने काय जंगल जळणारे का? आपल्याकडे काही नवीन करायचं म्हटलं की आधी दहा जण आडवे.

केळीवाला रावेर:
वीज कमी खातात म्हणे! भो, तू पुण्यात बसून बोलतोय. इथं शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीला आली की आम्ही डिसेंबरच्या थंडीत, पारा दहाच्या खाली, बॅटरी घेऊन बांधावर. शेजारच्या शिवारात बिबट्याने वासरू नेलं, तरी जावंच लागतं. आणि शहरात झाडं चमकवायला वीज आहे.

पुण्यातला खान्देशी:
थंडीत केळीला रात्रीच पाणी द्यायला सांगतात ना? विहिरीचं पाणी कोमट असतं, थंडीचा चरका कमी बसतो. मग तक्रार कशाची?

केळीवाला रावेर:
मला केळी शिकवू नको. केळीला रात्री पाणी देतो आम्ही, बांधावर काडीकचरा पेटवून धूरही करतो, ते आमच्या मर्जीनं. पण गव्हाला, हरभऱ्याला पण रात्रीच का? माझा बाप सत्तरीत रात्री दोनला मोटार चालू करायला जातो, पाय घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. त्याच्यासमोर येऊन बोल एलईडीचं.

साक्रीकर:
कसाले भांडतस रे भाऊ? सौर कृषी वाहिनी योजना त्याच्यासाठीच आहे, दिवसा वीज द्यायला. आमच्याकडच्या फिडरला, म्हणजे शेतीपंपाच्या लाईनला, मिळायला लागली.

केळीवाला रावेर:
तुमच्या फिडरला मिळाली, आमच्या नाही. योजना 2017 ची आहे, अजून किती थांबायचं?

धुळ्याची बाई:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगते. पण बागेत दिवे लावले नाहीत म्हणून ती वीज तुमच्या मोटारीला येणार आहे का? शहराच्या प्रत्येक मागणीवर शेतकऱ्याचं दुःख आणून ठेवलं की बोलणंच बंद होतं.

खेड्यातला एक:
मुळात नाताळ आपला सणच नाही. दिवाळीला सजवा काय सजवायचं ते.

नवापूरकर:
आपला म्हणजे कोणाचा? नवापूर-नंदुरबारकडे या डिसेंबरात, पाड्यापाड्यांवर चांदण्या टांगलेल्या दिसतील. आमचे आजोबाही नाताळ करायचे, आणि आम्हीही याच मातीतले, इथंच कापूस वेचतो. दिवे नको म्हणायचं तर झाडांसाठी म्हणा, आमच्या सणावर घसरू नका.

तापीकाठचा:
नवापूरकरांशी शंभर टक्के सहमत, माझा विरोध सणाला नाही. बाई, वाटेवर उजेड पाहिजे हे तुमचं मान्य करावंच लागेल. पायवाटेला खाली वाकलेले दिवे लावा, साडेआठ-नऊला बंद करा. खोडाला वायर आणि खिळा मात्र नाही, त्यावर मी हटणार नाही. आणि परदेशाचंच घ्यायचं तर न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानाचं घ्या. 1992 पासून तिथं सुट्ट्यांमध्ये खेळण्यातल्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरतं, आजूबाजूला शहरातल्या नावाजलेल्या इमारती, सगळ्या साली, काड्या, बिया, पानांच्या केलेल्या. पोरं इमारत बघता बघता बी ओळखायला शिकतात. आपल्याकडे कपाशीची पऱ्हाटी आहे, केळीच्या खोडाचं सोपट आहे, पळसाची पानं, सागाच्या बिया. शाळांना द्या, लळिंगचा किल्ला करू द्या, पाटणादेवीचं देऊळ करू द्या.

धुळ्याची बाई:
हे आवडलं. तरी चार-दोन झाडं उजळली असती तर काही बिघडलं नसतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे. पण नऊपर्यंत उघडी, उजेडाची बाग मिळत असेल तर तेवढ्यासाठी मी झाडांचा हट्ट सोडते. झाडांच्या नावाच्या पाट्याही लिहा त्यात, आमच्याकडच्या पाट्यांवरची अक्षरं पार उडालीत. महापालिकेला निवेदन मी लिहिते, सह्या द्या सगळ्यांनी.

रोपवाटिका चोपडा:
माझी घ्या. शेवंतीच्या कुंड्या पण देतो प्रदर्शनाला, फक्त रात्री त्यांच्यावर फोकस नको.

केळीवाला रावेर:
सोपट पाहिजे तेवढं घेऊन जा माझ्या शेतातून, पैसे नको. सही मात्र नाही देणार. शेतीपंपाला दिवसा वीज द्या, हे दुसरं निवेदन त्याच्याबरोबर लिहा आणि त्याच्यावर तुमच्या शहरवाल्यांच्या सह्या आणा, मग माझी दोन्हींवर घ्या.