निवडणूक कर्मचाऱ्यांच्या सुरक्षा प्रशिक्षणात आधी काय घ्यावं?

प्रश्न: निवडणूक कर्मचाऱ्यांना सुरक्षा शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. हाताशी जेमतेम एक दुपार. सुरुवात कशाने करू?

उत्तर: फिशिंगने, म्हणजे ओळखीचं नाव लावून येणाऱ्या फसव्या मेलने. मतदारयादीच्या नावाने आलेली फाइल ही मंडळी उघडणारच, तेच तर त्यांचं काम! त्यामुळे 'अनोळखी मेल उघडू नका' हे सांगणं फुकट. पाठवणाऱ्याचा अख्खा पत्ता वाचायला लावा. शंका आली तर फोन करायचा, पण मेलमधल्या नंबरवर नाही, आधीपासून जवळ असलेल्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिन करताना पासवर्डनंतर आणखी एक खात्री) तिथेच समोर बसून चालू करून घ्या.

दुसरं उत्तर: मतदानाच्या पेट्यांवरचं सील विसरू नका. नुसतं शाबूत दिसून भागत नाही, क्रमांक नोंदवहीशी ताडायचा. जुळला नाही तर पेटीला हात न लावता वरिष्ठांना कळवायचं.

प्रश्नकर्ता: आभार. निम्म्या स्लाइड्स उडवल्या, सीलचा सराव घालतो.