"सूज उतरू द्या" म्हणे!

खानापूरकर:
काल निपाणीच्या साहेबांनी इथं लिहिलं, "मणक्याला मार लागला तर ऑपरेशनची गडबड नको. सूज उतरू दे, आठ दिवसांनी ठरवा." डोकंच फिरलं. माझा चुलतभाऊ जांभळावरून पडला, मान मोडली. एका हॉस्पिटलात हेच ऐकत बसलो, ऑपरेशन चौथ्या दिवशी. आज त्याला घास भरवावा लागतो. अहो, हाडाच्या नळीत मज्जारज्जू चेपलाय, रक्त पोचत नाही, सूज आतल्या आत वाढतेय. दाब न काढता ती उतरणार कुठं? ऑपरेशन लवकर की उशिरा हे बघणाऱ्या 2012 च्या स्टॅसिस अभ्यासात मानेचेच 313 पेशंट होते. 24 तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे 20 टक्के सहा महिन्यांत इजेच्या मोजपट्टीवर निदान दोन पायऱ्या वर आले. उशिरावाल्यांत 9 टक्केसुद्धा नाहीत.

निपाणीकर:
टक्के मलाही वाचता येतात. तिथं चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, लवकरवाले वयानं तरुण होते. ते बरं गाळलंत! युरोपातल्या 2023 च्या अभ्यासात 12 तासांच्या आत की नंतर, ठळक फरक दिसला नाही. आमच्या मामांचं अकराव्या दिवशी झालं, काठी घेऊन बाजाराला जातात.

फिजिओताई, टिळकवाडी:
मामांच्या पायात पहिल्या दिवशी थोडी तरी जाण असणार. अर्धवट इजा आणि पूर्ण इजा एका तराजूत घालू नका. बीपी पडलेलं असेल, छातीत रक्त साठलं असेल तर भूलतज्ज्ञ थांबवणारच, तो आळस नव्हे. पण एओ स्पाइननं, म्हणजे मणक्याच्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, 2017 ला जपून सांगितलेलं 2024 ला ठामपणे सांगितलंय: ऑपरेशन 24 तासांच्या आत. बाकी "सूज उतरू द्या" म्हणजे पुष्कळदा "सर्जन सोमवारी येणार" एवढंच असतं.

येळ्ळूरचा:
24 तास! आमचे तेवढे तास कुठल्या राज्याचं आरोग्य कार्ड चालतंय यातच जातात. 2023 ला महाराष्ट्रानं फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लावली, लगेच कर्नाटकचा आक्षेप.

चिकोडी मास्तर:
आला सीमाप्रश्न! मणक्यावर बोला की. इकडचं कार्ड काढायला कुणी अडवलंय? जन्म इथं गेला तरी अर्ज कन्नडात म्हणून रडायचं.

येळ्ळूरचा:
रात्री दोनला बाप स्ट्रेचरवर असताना न कळणाऱ्या कागदावर सही करून बघा, मग शिकवा. सीमेचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात. निकाल लागेपर्यंत आम्ही झाडावर चढायचं नाही काय?

चिकोडी मास्तर:
केलीय सही. बायकोसाठी. कागद मराठीत होता, तरी काही कळलं नव्हतं.

निपाणीकर:
आठ दिवस म्हणालो ते चुकलं. घ्या, पेढे वाटा. पण खानापूरकर, सगळं खापर डॉक्टरवरच? झाडाखालून त्याला आणलात कसा?

खानापूरकर:
ट्रॅक्स जीपमधून. मधल्या सीटवर बसवला होता. दोघांनी दोन्हीकडून दंड धरले होते.

मान कुणी धरली नव्हती.