फोन जागेकडून माणसाकडे आला तेव्हा नेमके काय बदलले?

प्रश्न

मोबाइल आणि इंटरनेट यांमुळे रोजचे जगणे बदलले, हे सर्वांना मान्य आहे. परंतु नेमके काय बदलले असे विचारले, की चर्चा घड्याळ गेले, कॅमेरा गेला, नकाशा गेला अशा वस्तूंच्या यादीवर येऊन थांबते. मला वस्तूंपेक्षा वागणुकीत अधिक रस आहे. पूर्वी भेटीची जागा आणि वेळ आधीच पक्की करावी लागे व एकदा घराबाहेर पडल्यावर त्यात बदल करण्याची सोय नसे. आज आपण ‘निघालो की कळवतो’ एवढ्यावर भेट ठरवतो. यावरून वक्तशीरपणा कमी झाला असे म्हणावे, की वेळ ठरवण्याची रीतच बदलली असे म्हणावे?

उत्तर १

रीत बदलली, असे माझे मत आहे. तारेचा दूरध्वनी जागेला बांधलेला असे. क्रमांक घराचा किंवा कचेरीचा असे आणि फोन करणारा आधी ‘अमुक आहेत का?’ असे विचारी. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाचे अभियंता मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून, हातात धरलेल्या फोनवर, प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधील जोएल एंगल यांच्याशी बोलणे केले, तेव्हापासून क्रमांक जागेचा न राहता माणसाचा होऊ लागला. ‘आहेत का?’ हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आणि त्याच्या जागी ‘कुठे आहेस?’ हा प्रश्न आला. समोरचा कुठवर पोहोचला हे विचारता येत असेल, तर वेळ आधी पक्की करण्याची गरज उरत नाही. ती वाटेत, थोडी थोडी ठरत जाते.

यात एक गोष्ट मात्र हरवली. सामायिक फोन घरातले कोणीही उचलत असे, त्यामुळे कोणाला कोणाचे फोन येतात हे सगळ्यांना ठाऊक असे आणि ज्याच्यासाठी फोन नाही त्याच्याशीही दोन शब्द बोलणे होत असे. (तरुणांना ही पाळत नकोशी वाटे, हेही खरे.)

उत्तर २

भेटीपेक्षा मोठा बदल मला मौनाच्या अर्थात दिसतो. घरचा फोन कोणी उचलला नाही, तर माणूस घरी नाही असा अर्थ होई आणि राग धरण्यास कारण नसे. पहिला लघुसंदेश डिसेंबर १९९२ मध्ये गेला. त्याची मर्यादा १४० बाइटांची, म्हणजे रोमन लिपीत १६० अक्षरांची असे; देवनागरीत ती ७० चिन्हांवर येई आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जात. तरीही त्या तुटपुंज्या संदेशाचे एक सुख होते, ते असे की सवडीने उत्तर देता येई. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने निळ्या खुणा आणल्या आणि संदेश वाचल्याचे पाठवणाऱ्याला दिसू लागले. ही सोय बंद करता येते, पण ती बंद केली तर लोक त्याचाही अर्थ लावतात.

उत्तर ३

क्रमांक माणसाचा झाला, हे विधान अर्धेच खरे आहे. अनेक कुटुंबांत आजही एकच फोन दोघे-तिघे वापरतात. बँका आणि सरकारी सेवा मात्र एका क्रमांकामागे एकच माणूस असतो असे गृहीत धरून ओटीपी पाठवतात. फोन दुसऱ्याच्या हाती असेल, तर स्वतःच्याच खात्यात शिरण्यासाठी त्याची मनधरणी करावी लागते.

प्रश्नकर्ता

ओटीपीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. पहिल्या उत्तराला मात्र एवढेच विचारतो की, वेळ वाटेत ठरते असे मानले, तरी आधी पोहोचलेल्याचे ताटकळणे त्यामुळे कमी होते काय? माझ्या अनुभवात ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ हा संदेश बहुधा घरातूनच निघतो.